परसबागेतील नवी पांढरी माशी कशी ओळखावी

नारळाखालील पेरू, केळ अथवा कर्दळ यांची पाने वरून काळी पडू लागली म्हणजे पुष्कळांस तो जमिनीचा दोष वाटतो. वस्तुतः ती काळी बुरशी असून तिचे कारण वर, नारळाच्या पानांच्या खालच्या बाजूस शोधावे लागते. तेथे रस शोषणाऱ्या पांढऱ्या माशीने सोडलेला चिकट गोड द्रव खाली ठिबकतो व त्यावर ही बुरशी वाढते.

हिला माशी म्हणण्याची रूढी आहे इतकेच. घरमाशीस पंखांची एकच जोडी असते, हिला दोन असतात. नात्याने ही मावा व तुडतुडे यांच्या जवळची कीड होय.

चक्राकार पांढरी माशी केरळात १९९३ मध्ये आढळली. त्यानंतर २०१६ मध्ये तामिळनाडूतील पोळ्ळाची भागात नारळावर रुगोज जातीची माशी दिसली आणि २०१८ मध्ये केरळात बोंडार जातीची. पुढे रुगोज माशी कोकणातील नारळबागांतही पोहोचली.

या जातींत पानावरील मेणकट वलयांवर विसंबून निर्णय करू नये. चक्राकार व रुगोज या दोन्ही माश्या अंडी वलयाकारच घालतात. पंख पाहावेत. रुगोज माशी सुमारे अडीच मिलिमीटर लांब व मंद हालचालीची असून तिच्या पंखांवर फिकट तपकिरी, वेडेवाकडे पट्टे असतात. बोंडार माशी तिच्या निम्म्याहूनही लहान. तिच्या पंखांवर फुलीसारखे राखी पट्टे दिसतात आणि ती कापसासारख्या मेणाच्या घरट्यात बसलेली आढळते. साधे भिंग यास पुरेसे आहे. तथापि खात्रीची ओळख कोशावरूनच होते. म्हणून कोश असलेला पानाचा तुकडा कागदी पाकिटात घालून, झाडाचे नाव, गाव व तारीख लिहून नजीकच्या कृषि विज्ञान केंद्राकडे द्यावा. कीडग्रस्त रोपे मात्र दुसऱ्या गावी मुळीच नेऊ नयेत.

ओळख पटण्यापूर्वी विषारी औषध फवारण्याची घाई बागाइतदारांस महाग पडते. एन्कार्सिया नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी रुगोजच्या पिलांत अंडी घालून त्यांचा नाश करते आणि फवारणीने प्रथम तीच मरते. ती बागेत आहे की नाही हे रिकाम्या कोशांवरून समजते. पांढरी माशी बाहेर पडली असल्यास कोशावर इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर असते. एन्कार्सिया बाहेर पडली असल्यास वाटोळे छिद्र. अशी छिद्रे बरीच दिसत असतील तर पाण्याच्या जोरदार धारेने पाने खालून धुवावीत व विषारी औषध बाजूस ठेवावे.