मान एकाचा, मुक्काम पाच जणांचा

प्रवासाला जायचे ठरले की आपल्या घरी पहिला प्रश्न निघतो, 'उतरायचे कुठे?' माझ्या माहेरी धारवाडकडेही 'एल्लि इळियोदु?' असेच विचारतात. मुक्कामाला 'उतरणे' म्हणण्यात दोन्ही भाषांचे एकमत आहे. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नसे. गावात आते-मावशी असली तर तिचे घर, नसली तर धर्मशाळा, आणि तीर्थक्षेत्र असले तर आपल्या घराण्याचे उपाध्ये. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, उज्जैनला आजही उपाध्यांकडे वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की पान उघडते आणि आपल्या पणजोबांचे नाव समोर येते. पिढ्यान् पिढ्या त्याच दारात उतरायचे, त्याच घरी जेवायचे. यजमानाने दार बदलायचे नाही आणि उपाध्यांनी यजमानाला विन्मुख पाठवायचे नाही, असा तो न लिहिलेला करार होता.

हॉटेल कंपन्यांना ही गोष्ट बऱ्याच उशिरा सुचली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना काढली आणि १९८३ साली हॉलिडे इन व मॅरिअट या हॉटेल-साखळ्यांनी तिचा कित्ता गिरवला. आमच्याकडेच पुन्हा पुन्हा उतरा, तुमच्या रात्री आम्ही मोजू, त्यावर गुण देऊ, आणि संख्या वाढली की सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पदव्या देऊ! आपल्याकडे ताजची आणि आयटीसीचीही अशी योजना आहे. पदवी आली की मान आला. खोली जरा बरी मिळते, सकाळची न्याहारी फुकट मिळते, खोली उशिरा सोडता येते.

हा मान आमच्या घरात आला तो पुतण्यामुळे. तो पुण्यात संगणक कंपनीत आहे. गेल्या वर्षी कामासाठी त्याला ॲमस्टरडॅमला धाडले होते आणि तिथल्या मुक्कामात तो मॅरिअटच्या योजनेत प्लॅटिनम झाला. त्यासाठी वर्षाला पन्नास रात्री लागतात. सिल्व्हरला दहा आणि गोल्डला पंचवीस. कंपनीच्या पैशाने पन्नास रात्री भरणे कठीण नाही. आम्ही प्राध्यापक मंडळी सगळ्या सुट्ट्या हॉटेलात काढायला गेलो तरी प्लॅटिनम होण्याआधी पगार संपेल.

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला जायचे आम्ही ठरवले. सासूबाई इंदूरच्या. रामबागेत त्यांचे माहेर होते. लग्न होऊन १९६९ साली त्या बेळगावला आल्या आणि भाऊ गेल्यानंतर तिकडची वाट बंद झाली. आता वय अठ्ठ्याहत्तर. 'एकदा राजवाड्यासमोर उभी राहून येते, मग कुठे नेऊ नका,' असे त्या तीन वर्षे म्हणत होत्या. मी, हे, मुलगी, सासूबाई आणि पुण्याहून पुतण्या, असे पाच जण. पुतण्याने फोनवरच सांगून टाकले, 'काकू, हॉटेल माझ्यावर सोडा. आपल्याला प्लॅटिनमचा मान आहे.' त्या 'आपल्याला'वर मी जरा थबकले आणि त्याला नियम वाचून दाखवायला सांगितले. (मास्तरकीची सवय, दुसरे काय!)

नियम असा निघाला. पदवी सभासदाची, आणि तो स्वतः जिथे झोपेल त्या एका खोलीपुरती. खास बैठकीच्या दालनात, ज्याला लाउंज म्हणतात, सभासद आणि त्याच्याबरोबर एक पाहुणा. फुकट न्याहारीही बहुतेक ठिकाणी त्या दोघांचीच. एखादे हॉटेल आपणहून जास्त देईलही, पण ती त्याची मर्जी. म्हणजे आम्हा पाच जणांत दोघे मानकरी. बाकीच्या तिघांनी पैसे भरून खायचे, नाहीतर खाली थांबायचे. आपल्या घरच्या लग्नात एका पंगतीत दोघांना ताट आणि तिघांना बाकावर बसवले, तर व्याही जन्मभर ते बोलून दाखवतील. उपाध्यांच्या वहीत पान घराण्याचे असते. सून, नातू, जावई सगळे त्या पानावर बसतात. हॉटेलच्या वहीत पान एका माणसाचे. एकट्याने फिरणाऱ्या, कंपनीच्या खर्चाने उतरणाऱ्या माणसासाठी ती योजना बेतलेली आहे आणि त्याच्यापुरती ती चांगली आहे.

ॲमस्टरडॅमच्या गोष्टी पुतण्या रंगवून सांगतो, आणि तिथे त्याचा हिशेब बरोबरही होता. त्या शहरात २०२४ पासून हॉटेलच्या खोलीवर नगरपालिकेचा पर्यटक-कर साडेबारा टक्के आहे. खोल्या लहान, दर मोठे. हॉटेलातली न्याहारी घ्यायची तर आपल्या पैशात माणशी अडीच-तीन हजार रुपये, असे तो सांगतो. अशा गावात न्याहारी फुकट मिळाली तर महिन्याला केवढे वाचतात! शिवाय गाव आटोपशीर, ट्रामचे जाळे दाट. हॉटेल जरा लांब असले तरी अडत नाही. कित्येक जण तर शेजारच्या हार्लेमला उतरतात. आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांचे अंतर.

इंदूरची गोष्ट निराळी. ज्यांची पदवी चालते अशी मोठी साखळी-हॉटेले तिथे नव्या वस्तीत आहेत. मॅरिअट विजयनगरच्या अंगाला, रॅडिसन ब्लू रिंग रोडवर, शेरेटन ग्रँड पॅलेस तर पार बायपासवर. राजवाडा, सराफा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, रामबाग हे सारे जुन्या गावात. विजयनगरहून राजवाडा सहा-सात किलोमीटर, आणि संध्याकाळच्या गर्दीत रिक्षाने ते अंतर दुप्पट वाटते. ज्या बाईला राजवाड्यासमोर उभे राहायचे आहे तिला रोज रिक्षात कोंबून न्यायचे आणि दमली की परत आणायचे, यात तिच्या वाट्याला इंदूर किती येणार?

आणि न्याहारी! इंदुरात हॉटेलची न्याहारी फुकट मिळाली तरी मी ती महागच म्हणेन. सकाळी सगळे गाव पोहे-जिलबीवर असते. ते पोहे आपल्यासारखे फोडणीत परतून वाफवलेले नसतात. मोठ्या पातेल्यात गरम पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, त्यांत बडीशेप असते, वरून शेव, कांदा आणि जिरावन नावाचा मसाला भुरभुरतात. शेजारी कढईतून निघणारी जिलबी. आम्ही पाचही जण रोज दोन-अडीचशे रुपयांत पोटभर खात होतो. सासूबाईंनी पहिला घास घेऊन 'बडीशेप आहे,' एवढेच म्हटले आणि प्लेट संपेपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत.

रात्रीचेही तसेच. सराफ्यातली सोन्या-चांदीची दुकाने बंद झाली की त्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गल्ली जागी असते. भुट्टे का कीस, गराडू, दहीवडा, भली मोठी जिलबी. लाउंजमधले संध्याकाळचे फुकट खाणे घेऊन सराफ्याला जाणे म्हणजे घरून जेवून लग्नाला जाण्यासारखे आहे.

पैशाचाही एक मुद्दा पुतण्यापुढे मांडला, आणि तो त्याला माहीत नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे. त्याच्या वर गेलात की अठरा. ७,४०० रुपयांची खोली करासकट ७,७७० ला पडते. ७,६०० ची घेतली तर ८,९६८. दरात फरक दोनशेचा, बिलात जवळजवळ बाराशेचा. दोन खोल्या आणि चार रात्री धरा म्हणजे आकडा कळेल. सुट्टीच्या दिवसांत साखळी-हॉटेलांचे दर ही रेषा सहज ओलांडतात. खोली ठरवताना मूळ दर त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढे तरी जरूर पाहावे.

मग प्लॅटिनम अगदीच निरुपयोगी का? नाही. नियमांतली एक गोष्ट आमच्या खरोखर कामाची होती: खोली दुपारी चारपर्यंत ठेवता येणे. गोल्डवाल्याला दोनपर्यंत, तेही खोली रिकामी असली तर. प्लॅटिनमला चारपर्यंत हक्काने. फक्त रिसॉर्ट आणि मोठ्या परिषदांची हॉटेले यांतून वगळलेली आहेत. आमची परतीची पुण्याची बस संध्याकाळची होती. म्हाताऱ्या माणसाला बाराला खोलीबाहेर काढायचे आणि बसच्या वेळेपर्यंत सामान सांभाळत कुठेतरी बसवायचे, हा प्रवासातला सर्वांत वाईट प्रहर असतो. ज्यांच्या घरी वडीलधारी आहेत त्यांना हे सांगायला नको.

तेव्हा आम्ही मुक्कामाची वाटणी केली. पहिल्या तीन रात्री राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका साध्या, स्वच्छ लॉजमध्ये, आणि शेवटची रात्र विजयनगरकडच्या साखळी-हॉटेलात. पुतण्या थोडा हिरमुसला. 'तीन रात्रींचे गुण जातात, काकू.' जाऊ देत म्हटले.

त्या तीन दिवसांत सासूबाई पाच वेळा राजवाड्यासमोर जाऊन आल्या. दोनदा तर मुलीला घेऊन, आम्हाला न सांगता. सात मजल्यांची ती होळकरांची वास्तू, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला होता, तो पुढे परत बांधला. सासूबाईंना ठाऊक होता तो जळण्यापूर्वीचा. कुठला भाग नवा हे त्या नातीला बोटाने दाखवत होत्या. रामबागेतले घर राहिलेले नाही, तिथे इमारत आहे. पण कोपऱ्यावर दोन बायका मराठीत भांडत होत्या, आणि ते ऐकायला त्या पाच मिनिटे थांबल्या! त्या मराठीला हिंदीचा सूर आहे, जसा आपल्या बेळगावच्या मराठीला कन्नडचा.

चौथ्या दिवशी सकाळी सामान हलवले. हे हॉटेल देवासच्या रस्त्याच्या बाजूला, म्हणून देवासची फेरी त्याच दिवसावर ठेवली होती, पस्तीस-चाळीस किलोमीटर. ती माझी हौस. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला हवापालटासाठी आले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, आणि बरे झाल्यावर देवास सोडले नाही. १९९२ साली गेले तेही तिथेच. कन्नड घरात जन्मलेला मुलगा, मराठी रसिकांचा लाडका गायक, आणि मुक्काम माळव्यात. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर आहे. बाहेरूनच नमस्कार करून आलो.

रात्री हॉटेलात पुतण्याचा मान झाला, यात शंका नाही. नावाने स्वागत झाले, त्याची खोली वरच्या मजल्यावर मोठी मिळाली. आमची दुसरी खोली साधीच होती. त्याने आपली मोठी खोली आजीला आणि नातीला दिली आणि स्वतः आमच्या खोलीत जादा गादीवर झोपला. न्याहारीला आजीला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत सासूबाई शांत झोपल्या, आणि त्यानंतर बसमध्ये त्यांचे पाय सुजले नाहीत. माझ्या लेखी प्लॅटिनमची सगळी किंमत त्या चार तासांत वसूल झाली.

कोणाच्या घरी असा पदवीधर असेल तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. खोली हॉटेल कंपनीकडूनच थेट घ्यावी. इतर संकेतस्थळांवरून स्वस्तात घेतली तर बहुधा ना गुण मिळतात, ना मानावर हक्क सांगता येतो. आणि पदवीसाठी मुद्दाम पैसे घालू नयेत. एचडीएफसी बँकेने २०२३ साली मॅरिअटचे क्रेडिट कार्ड काढले. वार्षिक शुल्क तीन हजार आणि वर कर, त्यावर सिल्व्हर पदवी आणि ठरावीक गुणांपर्यंतची एक रात्र फुकट. ती रात्र वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या सिल्व्हरने कुटुंबाच्या हाती काही लागत नाही.

बसमध्ये सासूबाईंनी पुतण्याला विचारले, २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे, तेव्हा तुझा हा मान चालेल का? तो म्हणाला, आजी, तो दरवर्षी पन्नास रात्री भरून नव्याने मिळवावा लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत गुणांचे भावही वाढतात. त्यांनी थोडा विचार केला आणि मला म्हणाल्या, 'त्या राजवाड्यामागच्या लॉजवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?'