पेशीबाहेरचा संसार

१७४० साली जॉर्ज ॲन्सन याच्या आधिपत्याखाली जे इंग्रजी आरमार दूरच्या सफरीस निघाले, त्यातील खलाशांची स्कर्व्हीच्या रोगाने जी दैना केली तिच्या वृत्तांतात एका वृद्ध सैनिकाची हकिकत नमूद आहे. १६९० साली आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. मध्यंतरीची पन्नास वर्षे निर्वेध गेली. आणि आता भर समुद्रात त्याच जखमा, जणू कधी भरल्याच नव्हत्या अशा, पुन्हा उघडल्या. भरून आलेली जखम म्हणजे एकदाची पुरी झालेली गोष्ट, अशी आपली समजूत असते; वास्तविक ती आयुष्यभर चालू राहणारी डागडुजी असते, आणि ती करणारी पेशी आपले काम स्वतःच्या अंगाबाहेर करीत असते.

शालेय पुस्तकातील पेशीचे चित्र बहुधा तिच्या पटलापाशी संपते: मध्यभागी केंद्रक, सभोवार पेशीद्रव्य, त्यात ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका, आणि या सर्वांस वेढून असलेले पातळ पटल. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि हा अपुरेपणा मला क्षुल्लक वाटत नाही; कारण त्वचा, अस्थी, कूर्चा, कंडरा यांचा फार मोठा भाग पेशींचा नसून पेशींनी बाहेर विणलेल्या द्रव्याचा असतो. त्यातील प्रमुख द्रव्य कोलॅजेन. शरीरातील एकूण प्रथिनांचा सुमारे पाव हिस्सा एकट्या त्याचा आहे.

हा तंतू घडतो कसा, ते पाहण्याजोगे आहे. केंद्रकातील डीएनए हा अस्सल दस्तऐवज. तो दफ्तर सोडून बाहेर जात नाही, कामापुरती त्याची आरएनएच्या रूपाने नक्कल होते आणि तीच बाहेर रवाना होते. रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण ती वाचीत एकेक अमिनो आम्ल जोडीत जातात, आणि साखळी तयार होत असतानाच आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत सरकत जाते. या साखळीत जवळजवळ दर तिसरे स्थान ग्लायसीनचे, म्हणजे सर्वांत लहान अमिनो आम्लाचे का असावे, याचा उलगडा मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ च्या सुमारास केला: तीन साखळ्या परस्परांभोवती पीळ घेतात, आणि त्या पिळाच्या गाभ्यात इतकी अल्प जागा उरते की ग्लायसीनखेरीज दुसऱ्या कोणाचा तेथे समावेशच होऊ शकत नाही. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षेही झाली नव्हती. त्या काळात झालेल्या या कामाचे मोल आपण अद्याप पुरते ओळखलेले नाही, असे मला वाटते.

परंतु हा पीळ टिकावा यासाठी साखळीतील प्रोलीन या अमिनो आम्लास ठिकठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आधीच चिकटवावी लागते. हे काम करणाऱ्या विकरात लोहाचा अणू असतो, आणि त्यास कार्यक्षम राखण्याची जबाबदारी क जीवनसत्त्वाकडे असते. ते मिळेनासे झाले की जोडणी अडते आणि पीळ शरीराच्या साध्या उष्णतेनेच सुटतो. शेळी किंवा कुत्रा हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. मनुष्यास ते आवळ्यापेरूंतून, लिंबासंत्र्यांतून घ्यावे लागते. जुन्या वणातील कोलॅजेन हळूहळू झिजते आणि त्याची जागा नवे घेते. महिनोन्महिने ताजे फळ न मिळालेल्या त्या सैनिकाच्या देहात झीज चालू राहिली आणि भरणा तेवढा थांबला.

पीळ नीट जमला, की पुढे त्याची गॉल्जी पिंडातून पेशीबाहेर रवानगी होते, पिळाची टोके छाटली जातात, आणि असे असंख्य पीळ शेजारीशेजारी बसून परस्परांस रासायनिक बंधांनी जखडले जातात.

मात्र बाहेर पडलेल्या या द्रव्याशी पेशीचा संबंध तुटत नाही. पटलातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिने एका टोकाने बाहेरचे जाळे आणि दुसऱ्या टोकाने पेशीचा आतला सांगाडा धरून असतात. बाहेरच्या ताणाची, घट्टपणाची वर्दी त्यांच्यामार्फतच आत पोहोचते. आतड्याच्या अस्तरातील पेशी या आधारापासून सोडवून नुसत्या द्रवात तरंगत ठेवली, तर अन्नाची वा ऑक्सिजनची कोणतीही उणीव नसताना ती स्वतःचा अंत घडवून आणते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींनी नेमके हेच बंधन झुगारलेले असते, आणि म्हणूनच मूळ जागा सोडून रक्तावाटे दूर गेल्यावरही त्या जिवंत राहू शकतात.