विश्लेषण : पावडर बर्फासाठी स्की उलटी वाकवणारा अवलिया! शेन मॅकॉन्की आजही का आठवला जातो?

२६ मार्च २००९. इटलीतील डोलोमाइट्स पर्वतरांगेतल्या सास पोर्दोई कड्यावरून शेन मॅकॉन्कीने पायात स्की घालून झेप घेतली. हवेत उलट्या कोलांट्या मारायच्या, मग स्की सोडून द्यायच्या, विंगसूटच्या आधारे कड्यापासून दूर तरंगत जायचे आणि शेवटी पॅराशूट उघडायचे, असा बेत होता. कोलांट्या झाल्या, पण स्की वेळेत सुटल्या नाहीत. सुटल्या तेव्हा पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरली नव्हती. मॅकॉन्की ३९ वर्षांचा होता. मागे पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी.

त्याचे नाव निघाले की अनेकांना ही उडीच आठवते. प्रत्यक्षात त्याने स्कीइंगला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कड्यावर नाही, पायाखाली आहे.

कोण होता शेन मॅकॉन्की?

जन्म १९६९ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरचा. वडील जिम मॅकॉन्की हे तिथल्या स्कीइंगमधले मोठे नाव. आई-वडील वेगळे झाल्यावर शेन आईसोबत कॅलिफोर्नियात वाढला. शर्यतींचे रीतसर शिक्षण घेतले, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात जागा मिळाली नाही. मग त्याने घड्याळ आणि फाटकांची शर्यत सोडून मोकळ्या डोंगरावरच्या ‘फ्रीस्कीइंग’ची वाट धरली. टाहो परिसरातील स्क्वॉ व्हॅली हे त्याचे घर झाले. १९९६ मध्ये त्याने फ्रीस्कीइंग करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला.

स्वभाव मात्र कमालीचा खट्याळ. व्हेल या प्रतिष्ठित रिसॉर्टवर त्याने चक्क विवस्त्र होऊन उलटी कोलांटी मारली आणि तिथून हकालपट्टी ओढवून घेतली. ‘सॉसर बॉय’ हे त्याने रंगवलेले विदूषकी पात्र. अतिसाहसी स्कीपटूंच्या रुबाबाची त्यातून त्याने यथेच्छ टर उडवली. स्वतः त्याच जमातीतला असून!

त्याने स्कीमध्ये नेमके काय बदलले?

हे समजायला एक केळे पुरेसे आहे. टेबलावर केळे असे ठेवा की दोन्ही टोके टेबलाला टेकतील आणि मधला भाग वर राहील. पारंपरिक स्की थोडीफार अशीच असते. या कमानीला ‘कॅम्बर’ म्हणतात. माणूस उभा राहिला की कमान सपाट होते आणि ट्रकच्या पाट्यांप्रमाणे स्प्रिंगसारखी दाब देते. वजन टोकांपर्यंत पोहोचते, धार बर्फात रुतते. मशीनने दाबलेल्या टणक बर्फावर नेमके हेच हवे असते.

पण कमरेएवढ्या भुसभुशीत ‘पावडर’ बर्फात हाच गुण दोष ठरतो. टोके खाली घुसतात, धार नको तिथे अडकते आणि स्कीपटू तोंडावर आपटतो.

मॅकॉन्कीचा मुद्दा साधा होता : खोल पावडर पाण्यासारखी वागते, मग तिच्यासाठी रस्त्यावरची गाडी कशाला, होडी का नको? म्हणजे केळे उलटे ठेवायचे. मध्य खाली, टोके वर. हाच ‘रॉकर’. शिवाय नेहमीची स्की कमरेत अरुंद आणि टोकांना रुंद असते. त्याने तेही उलटे केले. मधे रुंद, टोकांना निमुळती. अशी स्की बर्फावर तरंगते आणि आडवी घसरवताही येते.

ही कल्पना त्याने १९९६ मध्ये अर्जेंटिनात एका बारमधल्या कागदी नॅपकिनवर रेखाटली होती. ती पटवून द्यायला वेळ लागला. त्याने अलास्कात चक्क पाण्यावरच्या वॉटर स्कीला बाइंडिंग ठोकून उतार कापून दाखवले. अखेर व्होलांट कंपनीने २००२ मध्ये ‘स्पॅट्युला’ बाजारात आणली. सोबत मॅकॉन्कीने लिहिलेले विनोदी माहितीपत्रक होते. त्याचा सूर असा : आजवर शिकलात ते विसरा. पुढे ‘के-टू’ कंपनीच्या ‘पॉन्टून’ने हाच विचार आणखी लोकांपर्यंत नेला. सुरुवातीला हसणाऱ्या उद्योगाने रॉकर कधी आपलासा केला, हे कळलेही नाही.

मग कड्यावरून उडी कशासाठी?

१९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ या बाँडपटात स्टंटमन रिक सिल्वेस्टरने कॅनडातील माउंट असगार्डवरून स्कीसह घेतलेली उडी मॅकॉन्कीच्या डोक्यात बसली होती. साथीदार जे. टी. होम्ससह त्याने ‘स्की-बेस’ हा प्रकार पुढे नेला. एरवी अवघड उताराच्या शेवटी कडा असेल तर वाट संपते. पॅराशूट असेल तर ती तिथून पुढे सुरू होते.

अडचण यंत्रणेची आहे. नेहमीचे बाइंडिंग पडल्यावर पायाला पीळ बसला की सुटते. हवेत असा पीळ बसत नाही, त्यामुळे स्की स्वतःहून सोडवाव्या लागतात. पायात लांब स्की असताना शरीर स्थिर राहत नाही, पॅराशूटच्या दोऱ्या गुंतण्याचा धोका असतो. दुरुस्तीसाठी हाताशी असतात ते मोजके सेकंद. ‘आवडते ते करताना गेला’ असे म्हणून या मृत्यूची सुटका करून घेता येते. पण काटेकोर तयारीसाठी ओळखला जाणारा माणूसही एका बिघाडाला उत्तर देऊ शकला नाही, हे त्या कौतुकाखाली झाकू नये.

२०१३ मध्ये त्याच्यावर ‘मॅकॉन्की’ हा माहितीपट आला. स्क्वॉ व्हॅलीचे नाव २०२१ मध्ये बदलून पॅलिसेड्स टाहो झाले. तिथला ‘ईगल्स नेस्ट’ हा उभा कडा आता ‘मॅकॉन्कीज’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या स्मरणार्थ तिथे होणारी स्पर्धाही त्याला शोभेल अशीच : चित्रविचित्र पोशाख आणि पायात आखूड ‘स्नोब्लेड’.

गुलमर्गला भाड्याची स्की हाती आलीच, तर जोडीचे तळ एकमेकांना चिकटवून धरा. मधे फट दिसली तर तो कॅम्बर. टोकांच्या बऱ्याच अलीकडूनच दोन्ही फाकू लागल्या, तर तो रॉकर. हल्ली बऱ्याच स्कींमध्ये दोन्ही एकत्र आढळतात : पायाखाली जुनी कमान, पुढच्या टोकाला मॅकॉन्कीची.