भिंत नसलेला तुरुंग

तुरुंग म्हटला की आधी उंच भिंत डोळ्यांपुढे येते. मग कुलपं, आणि रोजची गिनती. सकाळी बराक उघडताना कैदी मोजायचे, संध्याकाळी बंद करताना पुन्हा मोजायचे. एक माणूस कमी भरला, तर तुरुंगाधिकाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. आता यातली भिंत काढून टाका, कुलूपही काढा. त्या अधिकाऱ्याने माणसं राखायची कशाच्या बळावर?

औंध संस्थानाने हे १९३९ मध्ये खरोखर करून पाहिलं. माणदेशात, आटपाडीजवळच्या कोरड्या माळावर कैद्यांची वसाहत बसवली आणि नाव ठेवलं स्वतंत्रपूर! कल्पना मॉरिस फ्रिडमन यांची. पोलंडमधून आलेला हा अभियंता गांधीजींच्या विचारांनी भारला होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याला साथ दिली. त्याच वर्षी त्यांनी प्रजेच्या हाती कारभारही सोपवला होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं इथे बायकामुलांसह राहू लागली, जमीन कसू लागली.

पळून जायला कुणाची आडकाठी नव्हती. पण पळालं, तर हातचं घर जाणार, पेरलेलं शेत जाणार, आणि सापडल्यावर पुन्हा भिंतीआडचा तुरुंग. मला मात्र याहून मोठं वाटतं ते अधिकाऱ्याचं काम. बंद तुरुंगात डोकी मोजून भागतं. इथे माणूस वाचावा लागतो. कोण दोन दिवस गप्प आहे, कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचं पीक वाळलंय, हे ज्याला कळेल त्यालाच इथली राखण जमेल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा नसताना हे करणं किती अवघड!

याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. नाव नीट ऐका. तीही गिनतीच आहे! सहा कैद्यांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या एका जेलरचे दोन डोळे. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं.

स्वतंत्रपूर आता सांगली जिल्ह्यात आहे, आणि महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे ती खुली वसाहत म्हणून नोंदलेली आहे.