पावाच्या वेष्टनावरची प्रार्थना

जाहिराती, डबाबंद खाद्यपदार्थ आणि कॉमिक्स यांतील रोजच्या प्रतिमांनाच विषय मानणारी पॉप आर्ट १९६०च्या दशकात अमेरिकेत बहरली; मात्र तिच्या इतिहासात अँडी वॉरहॉलचे नाव जितक्या सहज घेतले जाते, तितक्या सहज लॉस एंजेलिसमधील कोरिटा केंट (१९१८–१९८६) या कॅथलिक ननचे घेतले जात नाही, आणि ही उणीव लहान नाही.

इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात कला शिकवणाऱ्या कोरिटा विद्यार्थिनींना पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यातून पेट्रोल पंप, दुकाने आणि रस्त्यावरच्या पाट्या निरखायला लावत. अशा पाट्यांवरची घोषवाक्ये कापून, चुरगाळून आणि त्यांची छायाचित्रे काढून त्या अक्षरांना वाकवत व त्यांवरून स्क्रीन प्रिंटिंगचे साचे करत. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या परिचयाच्या या पद्धतीत चौकटीवर ताणलेल्या जाळीचा नको तो भाग बुजवून उरलेल्या भागातून रबरी पट्टीने शाई कागदावर दाबली जाते. प्रत्येक रंगाला वेगळा साचा लागतो, पण प्रती अनेक आणि स्वस्तात निघतात. कोरिटांनी हे माध्यम आपलेसे केले ते या स्वस्ताईसाठीही, कारण चित्र सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोचावे ही त्यांची धडपड होती.

त्यांच्या १९६४च्या एका मुद्राचित्रात ‘वंडर ब्रेड’ या पावाच्या वेष्टनावरचे शब्द आणि रंगीत ठिपके आहेत. त्यांच्याच शेजारी केंटकीतल्या एका खाणकामगाराच्या पत्नीचे दारिद्र्याविषयीचे बोल, तसेच भुकेल्यांना देव भाकरीच्याच रूपात दिसू शकतो हा महात्मा गांधींचा विचार त्यांनी छापला. ख्रिस्ती उपासनेत पाव हा ख्रिस्ताच्या देहाचे रूप मानला जातो, हे लक्षात घेतल्यावर बाजारातल्या पावाचे वेष्टन इथे प्रार्थना आणि आरोप दोन्ही होते, आणि वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांहून कोरिटांची वाट कुठे वेगळी होते ते इथेच स्पष्ट दिसते.

१९६५मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत असंतोषाचा उद्रेक झाला, तेव्हा त्यांनी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे पहिले पानच मुद्राचित्रात घेतले, पुढे व्हिएतनाम युद्धालाही त्यांच्या चित्रांनी उघड विरोध केला. स्थानिक धर्मप्रमुख कार्डिनल मॅकिन्टायर यांचा रोष वाढत गेला आणि १९६८मध्ये कोरिटा आपला नन्सचा संघ सोडून बॉस्टनला गेल्या. अमेरिकी टपाल खात्याने १९८५मध्ये काढलेल्या त्यांच्या ‘लव्ह’ या २२ सेंटच्या तिकिटाच्या ७० कोटींहून अधिक प्रती खपल्या.