पडद्यावरचे गुरुजी आणि गोणपाटावरचे मूल

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव नोंदले गेले. महाराष्ट्र सरकार २०१७ पासून हा दिवस ‘विद्यार्थी दिन’ म्हणून पाळते. नाव रजिस्टरात चढले, परंतु त्या मुलाला बसायला जागा मिळाली ती वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावीत नसे. संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. रजिस्टरात नाव असणे आणि वर्गात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आपल्या समाजाला त्या गोणपाटाने दिला.

आज हा धडा आठवण्याचे कारण म्हणजे सध्या शिक्षण खात्यात चाललेला ‘आभासी वर्गां’चा गजर. मोठ्या शहरात स्टुडिओ, तिथे एक तज्ज्ञ शिक्षक आणि त्याचा पाठ एकाच वेळी शेकडो शाळांत पडद्यावर! शिक्षकांचे प्रशिक्षणही आता मोबाईलवरच. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे ठरवून टाकले. ऐकायला हे सारे गोड आहे. पण फुले-आंबेडकरी माणसाने गोड शब्द ऐकले की पहिला प्रश्न विचारायचा असतो : यात आमचे मूल कुठे बसले आहे?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही यंत्राचे विरोधक नाही. चरखा आणि खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ मध्येच खडसावले होते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतूनच माणूस संस्कृती घडवतो, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा संगणक, उपग्रह, इंटरनेट हे सारे आपल्या मुलांच्या हातात आलेच पाहिजे. वाद यंत्राशी नाही. ते कोणाच्या दारात पोहोचते, कोणाच्या दारावरून पुढे जाते आणि कोणाच्या पोटावर पाय देते, एवढाच आमचा वाद आहे.

पडद्यावरून शिकवण्याची कल्पना काही काल-परवाची नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसवले गेले. त्याच प्रयोगात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. २०१० मध्ये त्याचे काम संपले. म्हणजे पडदा आपल्याकडे येऊन पन्नास वर्षे झाली! मग झोपडपट्टीतल्या आणि तांड्यावरच्या शाळेत काय बदलले?

याचे उत्तर कोरोनाने दिले. मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा महाराष्ट्रात झाली. शिक्षण होते, पण कोणाचे? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १०० कुटुंबांपैकी जेमतेम १५ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि संगणक १०० पैकी ४ कुटुंबांकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. ग्रामीण भागातील दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाईन शिकणारी मुले निघाली अवघी ४ टक्के! त्याच गावांतल्या इतर मुलांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे गावात अंतर होतेच, त्यात गावकुसाबाहेर आणखी वेगळे अंतर. बाकीच्या मुलांची नावे रजिस्टरात होती, पटावर होती. आभासी वर्गात त्यांना गोणपाटसुद्धा मिळाले नाही.

‘तो आपत्काळ होता, आता सगळे सुरळीत आहे,’ असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आकडेवारीकडे पाहा. देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शाळांत ते नाही. त्याहून भयंकर आकडा दुसराच आहे. देशात १ लाख ४ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. त्यांपैकी ८ हजारांवर शाळा फुले, शाहू, आंबेडकरांच्या या महाराष्ट्रात आहेत! या शाळांत कोणाची मुले शिकतात हे सांगण्यासाठी पाहणीची गरज नाही. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने आपले मूल केव्हाच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवले. उरली ती ऊसतोड मजुराची, वीटभट्टीवरच्या कामगाराची आणि भूमिहीनाची मुले.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका शाळेत गेलो होतो. चार इयत्ता आणि एक शिक्षक. त्या दिवशी त्यांचे ऑनलाईन प्रशिक्षण होते. मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलेला, कारण ‘रेंज’ तेवढ्याच जागी येत होती. पलीकडून कोणी साहेब ‘आनंददायी अध्ययन’ या विषयावर बोलत होते. आवाज तुटत होता. इकडे २६ मुले फळ्यावरचे पाढे तिसऱ्यांदा उतरवून काढीत होती. एक मुलगी वही घेऊन गुरुजींच्या शेजारी येऊन उभी राहिली. गुरुजींनी हातानेच ‘थांब’ म्हटले. ती थांबली. प्रशिक्षण संपले, गुरुजींनी लिंक उघडून प्रश्नावली भरली, प्रमाणपत्र आले आणि तेवढ्यात शाळा सुटायची वेळ झाली. ती मुलगी काय विचारायला आली होती? ते विचारायचे राहूनच गेले.

या गुरुजींना मी दोष देत नाही. हजेरी मोजली जाते, प्रमाणपत्र मोजले जाते, ‘अपलोड’ केलेला फोटो मोजला जातो. त्या मुलीचा प्रश्न मोजण्याचा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नाही. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात बोलताना बाबासाहेबांनी नेमका हाच घाव घातला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८, हे त्यांनी सरकारला आकड्यानिशी दाखवले. शाळेच्या दारातून आत गेलेले मूल बाहेर पडताना साक्षर झालेले असावे आणि आयुष्यभर साक्षर राहावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू आहे, असे त्यांनी ठणकावले. किती शाळांत पडदे लावले आणि किती शिक्षकांनी तास भरले, या हिशेबात बाबासाहेबांची ही कसोटी बसते कुठे?

शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा प्रश्न या देशात पहिल्यांदा गांभीर्याने घेतला तो आपल्याच माणसांनी. सावित्रीमाई नुसत्या ‘पहिल्या शिक्षिका’ नव्हत्या, त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या. अहमदनगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले होते. क्रांतिबा जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा शिक्षक शिकलेला असावा, त्याला पोटभर पगार असावा आणि तो कष्टकरी समाजातून यावा, या तिन्ही मागण्या त्यांनी एकत्र मांडल्या. शेतकऱ्याच्या मुलाला शिकवणाऱ्याला नांगराची लाज वाटता कामा नये, हे त्यामागचे तत्त्व. आजचे व्यवस्थापक या तीन मागण्यांपैकी एकच उचलतात. प्रशिक्षण घ्या म्हणतात, पण पगाराचे काय? २००० पासून या राज्यात ‘शिक्षणसेवक’ नावाखाली तरुण शिक्षकांना तीन-तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवले गेले. जो माणूस उद्याच्या भाकरीच्या चिंतेत आहे, त्याला ५० तासांचे व्हिडिओ दाखवून काय साधणार?

आणि त्या व्हिडिओंमध्ये शिकवतात काय? अंकज्ञान, भाषा, मूल्यमापन हे सारे असते. ते हवेच. पण वर्गात जात कशी वावरते, शिक्षकाच्या नकळत त्याच्या तोंडून ती कशी बोलते, शिष्यवृत्तीच्या मुलांची नावे भर वर्गात पुकारताना कोणाची मान खाली जाते, यावर किती तास असतात? पडद्यावर जात दिसत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एप्रिल २०२१ मधली खरगपूर आयआयटीची घटना आठवावी. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा पूर्वतयारी वर्ग ऑनलाईन सुरू होता. त्यात एका सहयोगी प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना अर्वाच्य शिवीगाळ केली. चित्रफीत देशभर पसरली, तेव्हा संस्थेला निलंबनाची कारवाई करावी लागली. देशातल्या नामांकित संस्थेत, अत्याधुनिक तंत्राने चाललेला वर्ग, आणि त्यातून बाहेर आला तो जुनाच मनू! यंत्र बदलले म्हणून मन बदलत नाही. मनाचे प्रशिक्षण वेगळेच घ्यावे लागते.

पडदा आणि शिक्षक यांचे नाते चांगलेही असू शकते. रणजितसिंह डिसले या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांना पडद्यावरून देशोदेशीच्या मुलांशी बोलायला लावले. परंतु त्याआधी त्यांनी मुलांची घरची भाषा ओळखली. पुस्तक मुलांच्या मातृभाषेत नव्हते, तेव्हा ते कन्नडमध्ये आणले. पडदा कामी आला, कारण पडद्याच्या अलीकडे मुलांना ओळखणारा माणूस उभा होता. केरळचेही तसेच. तिथे २००१ पासून सरकारी शाळांतल्या शिक्षकांना संगणकाचे शिक्षण देण्याची यंत्रणा उभी राहिली, २००५ मध्ये शिक्षणाची स्वतंत्र वाहिनी आली. जून २०२० मध्ये तिच्यावरून पाठ सुरू झाले, तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही नाही त्यांच्यासाठी वस्तीतच सामूहिक केंद्रे उघडली गेली. आपल्याकडे मात्र बिल थकले म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडली गेल्याच्या बातम्या वाचाव्या लागतात. आधी वीज तोडायची आणि मग ‘डिजिटल शाळा’ असा फलक लावायचा, याला काय म्हणावे?

खरा धोका पुढेच आहे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ काढण्याची हालचाल राज्यात झाली. त्यात जर पडद्यावरचा एक शिक्षक शंभर शाळांना पुरतो असे गणित मांडले गेले, तर उद्या सरकार विचारेल : मग शंभर शिक्षक कशाला भरायचे? शिक्षकांची भरती थांबली की आरक्षण आपोआप थांबते. आपल्या मुलाचा शिक्षक जातो आणि आपल्या डी.एड. झालेल्या तरुणाची नोकरीही जाते. गोंडस नावाखाली दोन्ही बाजूंनी कापणारी ही सुरी आहे. संविधानाने दिलेला हक्क कोणी उघडपणे काढून घेत नाही. त्याला लागणारी जागाच शिल्लक ठेवली जात नाही.

आता थोडे आपल्या घरातले. आरक्षणामुळे शिक्षक झालेले हजारो बांधव-भगिनी आज नोकरीत आहेत. त्यांतले किती जण आपण ज्या वस्तीतून आलो तिथे संध्याकाळी तासभर जातात? प्रशिक्षणाचा व्हिडिओ चालू ठेवून दुसरीच कामे उरकणारे आपल्यातही आहेत, हे नाकारून चालणार नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकल्या-सवरलेल्या लोकांबद्दल बाबासाहेबांनी जे दुःख बोलून दाखवले, ते आपल्याला उद्देशून होते. ते दुसऱ्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

म्हणून आपल्या मागण्या ठोस असल्या पाहिजेत. पडद्यावरचा पाठ हा शिक्षकाला जोड म्हणून असावा, शिक्षकाऐवजी नव्हे, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहून घ्या. एकशिक्षकी शाळेचा शिक्षक प्रशिक्षणाला बसेल त्या दिवशी बदली शिक्षक द्या. आभासी वर्गात मुलाला प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. नुसते ऐकायचे असेल तर रेडिओ काय वाईट होता? ५० तासांतले काही तास संविधान, जात आणि लिंगभाव यांसाठी सक्तीने राखून ठेवा. शाळेच्या विजेचे आणि इंटरनेटचे बिल शासनाने भरावे, गुरुजींच्या खिशातून ते जाऊ नये. आणि आपण? प्रत्येक बुद्धविहारात एक पडदा, एक जोडणी आणि संध्याकाळी बसणारा एक शिकलेला माणूस, एवढे वर्गणीतून उभे राहू शकते. जयंतीच्या डीजेचे एका वर्षाचे पैसे वाचवले तरी पुष्कळ होईल. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी सहीपुरते जाऊ नये, हे प्रश्न विचारायला जावे.

‘शिका’ हा बाबासाहेबांच्या संदेशातला पहिला शब्द आहे. त्या शब्दात शिकणाऱ्याच्या जोडीला शिकवणाराही आहे. खिडकीशी वही घेऊन उभी राहिलेली ती मुलगी अजून तिथेच उभी आहे. तिला ‘थांब’ म्हणणारा हात सरकारचा आहे, व्यवस्थेचा आहे आणि काही अंशी आपलाही आहे. तो खाली आला पाहिजे. जयभीम!