शिक्षकसेवेचे पाचारण: ल्युथरन शाळांचा मागोवा

१५३० च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्युथर कोबुर्गच्या किल्ल्यात मुक्कामाला होते. धर्मसुधारणेच्या लाटेत मठ ओस पडले होते आणि मठांच्या आधाराने मिळणारी पदेही गेली होती. ‘शिकून पोराला मिळणार काय?’ असा हिशेब करून जर्मन आईबाप मुलांना शाळेतून काढून धंद्याला लावत होते. तेव्हा ल्युथर यांनी मुलांना शाळेत ठेवावे म्हणून एक प्रवचन लिहून छापले. धर्मोपदेशाच्या खालोखाल मोलाचे काम शाळामास्तराचे, हे त्यांनी त्यात निक्षून सांगितले. तरुणांना शिक्षकसेवेकडे बोलावण्याची ल्युथरन परंपरा या विचारावर उभी आहे.

या विचाराला संस्थांचे भक्कम बळ मिळाले ते अमेरिकेत. १८३९ मध्ये सॅक्सनीहून आलेली माणसे मिसुरी राज्यातल्या पेरी काउंटीत वसली आणि त्याच वर्षी त्यांनी ओंडक्यांच्या खोपटात विद्यालय काढले. १८४७ मध्ये मिसुरी सिनड ही ल्युथरन मंडळ्यांची संघटना स्थापन झाली. मंडळ्या वाढल्या, तशी शिक्षकांची चणचण भासू लागली. सिनडचे शिक्षक-विद्यालय १८६४ मध्ये इलिनॉयमधल्या ॲडिसनला आले आणि १९१३ मध्ये शिकागोजवळच्या रिव्हर फॉरेस्टला गेले. १८९४ मध्ये नेब्रास्कातल्या स्यूअर्डला आणखी एक विद्यालय निघाले. विस्कॉन्सिन सिनड या दुसऱ्या ल्युथरन संघटनेच्या शाळांना शिक्षक मिळू लागले ते मिनेसोटातल्या न्यू अल्मच्या कॉलेजातून. या विद्यालयांतून निघालेला मास्तर गावच्या शाळेत आठवडाभर एकाच खोलीत अनेक इयत्ता सांभाळी आणि रविवारी उपासनेला ऑर्गन वाजवी. छापील पत्रकापेक्षा रोज डोळ्यांसमोर वावरणारा हा माणूसच मुलांना या वाटेकडे ओढून नेई, अशी माझी खात्री आहे.

अशा मास्तराची कसोटी नेब्रास्कात लागली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनविरोधी हवेत १९१९ मध्ये तिथे कायदा झाला: आठवी होण्याआधी मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. २५ मे १९२० रोजी हॅम्प्टनजवळच्या झायन या ल्युथरन शाळेत शिक्षक रॉबर्ट मायर दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवत होते. तेवढ्यात काउंटीचे सरकारी वकील वर्गात आले. मायर यांना झटकन इंग्रजीवर येता आले असते, पण त्यांनी जर्मन पाठ सुरूच ठेवला. २५ डॉलर दंड झाला. तो न भरता ते लढले. ४ जून १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिकवण्याचा त्यांचा हक्क राज्यघटनेने दिलेल्या स्वातंत्र्यात मोडतो, असे न्यायालयाने मानले.

२०१२ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एका ल्युथरन शाळेबाबत एकमताने निकाल दिला. मंडळीने पाचारण केलेली तिथली शिक्षिका धर्मसेवक ठरते, म्हणून तिला कामावरून काढल्याबद्दल नोकरीतल्या भेदभावाचा दावा चालणार नाही. शिक्षकाला पाळकाच्या पंगतीला बसवणाऱ्या मानाची ही दुसरी बाजू आहे. या सेवेत येऊ पाहणाऱ्यांना ती आधीच सांगितली पाहिजे. आंधळ्या उत्साहाने आलेला माणूस टिकत नाही.

अलीकडची वर्षे कठीण गेली आहेत. मिसुरी सिनडच्या सेल्मा, पोर्टलंड आणि ब्रॉन्क्सव्हिल इथल्या शिक्षणसंस्था २०१८ ते २०२१ या काळात एकामागून एक बंद पडल्या. तरी स्यूअर्ड आणि रिव्हर फॉरेस्ट चालू आहेत. न्यू अल्मला तर मे महिन्यात उमेदवाराचे नाव आणि त्याच्या नेमणुकीची शाळा सगळ्यांसमोर पुकारली जाते.

या साऱ्या वाटचालीतून मला एकच गोष्ट दिसते. नुसत्या आवाहनाने शिक्षक मिळत नाहीत. धाकट्या मुलांना हौसेने समजावून सांगणारी मुलगी दिसली, तर ‘तू शिक्षिका होशील का?’ हे तिला समोर बसवून विचारावे लागते. तिच्या फीचा भार उचलावा लागतो आणि पुढे संसार चालेल एवढा पगारही द्यावा लागतो. एवढे करायची तयारी नसेल, तर ‘तरुण पुढे येत नाहीत’ अशी तक्रार करण्याचा अधिकार कुठल्याच मंडळीला नाही.